तशरीफराव आणि नंदीचे गुडघे

वकीलसाहेबांचं खरं नाव त्र्यंबकराव. पण त्या नावानं चौकशी केली असती तर गावात कुणी त्यांचं घर दाखवलं नसतं. तशरीफराव म्हटलं की गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा बोट करायचं. निजामाच्या अमलात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं. हैदराबादेहून येताना ते वकिलीची सनद आणि 'तशरीफ रखिए' एवढं दोनच घेऊन आले, असं आमचे हे म्हणायचे. पुढं दोघांत जास्त उपयोग दुसऱ्याचाच झाला.

लग्न होऊन मी त्या गावात गेले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन थोडेच दिवस झाले होते. आमचे हे तहसिलीत कारकून, आणि वकीलसाहेब आमचे शेजारी. मधे एकच भिंत. त्यामुळे सकाळी डोळे उघडायच्या आत कानावर पडायचं, "आइए, आइए, तशरीफ रखिए!" दाराशी पोस्टमन असो, कासारीण असो, नाहीतर चुकून घुसलेली शेळी. वकीलसाहेब उठून उभे राहणार, छातीशी हात नेणार आणि बसा म्हणणार. पाहुणा बसेपर्यंत स्वतः बसणार नाहीत. निघताना म्हणणार, "या परत. घर आपलंच आहे." आणि नुसतं म्हणून थांबतील तर शपथ! चपला घालून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला जाणार, आणि कोपऱ्यावर उभं राहून पुन्हा पहिल्यापासून बोलणं सुरू.

कोर्टातसुद्धा हीच तऱ्हा. एकदा विरुद्ध बाजूचा साक्षीदार, बिचारा जनवाड्याकडचा कुणी शेतकरी, पिंजऱ्यात थरथरत उभा होता. वकीलसाहेबांना राहवलं नाही. उलटतपासणीला उठले आणि सवयीनं म्हणाले, "तशरीफ रखिए." वकीलच सांगतोय म्हटल्यावर तो मटकन खाली बसला, आणि पिंजऱ्याच्या फळीआड दिसेनासाच झाला. मुन्सफसाहेब कागदातून मान वर करून विचारतात, "गवाह कहाँ गया?" सगळं कोर्ट हसतंय आणि वकीलसाहेब वाकून त्या साक्षीदाराला विचारायलेत, नीट बसलाव ना, पाणी सांगू का. तो खटला ते हरले. का हरणार नाहीत!

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यादेखतची. जमिनीच्या दाव्यात त्यांच्यामुळं हरलेला एक गडी हुमनाबादहून तणतणत आला. हातात काठी, तोंडात शिव्या. मी भिंतीवरून बघते तर वकीलसाहेब दारात उभे, हात छातीशी. "काठी तिकडं कोपऱ्यात ठेवा, उन्हातून आलाव. अगं, सुशीला कर बरं." चुरमुऱ्याची सुशीला त्यानं दोनदा मागून खाल्ली, चहा प्याला. मग कोपऱ्यावर दोघांची उभ्यानं मैफल जमली ती संपेना. निघताना त्याला एकदम आठवलं आपण कशाला आलो होतो ते. "वकीलसाब," म्हणाला, "म्या तर तुमाला बोलाया आल्तो." वकीलसाहेब म्हणाले, "मग काय, पुढच्या बाजाराला या. घर आपलंच आहे." काठी मात्र तो त्यांच्याकडंच विसरून गेला.

त्यांच्या बायकोचं नाव अंबाक्का. बाई बोलायची कमी, पण बोलली की नेमकं लागायचं. "घरात बसायला दोन पाट अन् गावभर आवतन," एवढंच म्हणायची आणि पुन्हा चुलीकडं वळायची. ते खरंच होतं. जुनं घर एवढंसं, पाहुणे पार जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचे. सगळ्यात वरच्या पायरीवरचा पाहुणा काय बोलतोय ते खाली ऐकू यायचं नाही. वकीलसाहेबांचं आयुष्यात एकच स्वप्न होतं, मोठा दिवाणखाना. ज्याला मुलंबाळं नसतात त्याला असलं काहीतरी लागतंच, असं बायका म्हणायच्या. मला ते तेव्हा आवडायचं नाही आणि आजही आवडत नाही. पण दिवाणखान्याबद्दल बोलताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की मी आपली गप्प बसायची.

आता थडीबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आमचं गाव टेकाडाच्या अंगावर, पायथ्याला नदी. मोठी नव्हे, पुढं जाऊन मांजरेला मिळणारी. गाव आणि नदीच्या मधे लांबरुंद सपाट मैदान होतं, त्याला थडी म्हणायचे. उन्हाळ्यात तिथं टरबुजं व्हायची, गुरांचा बाजार भरायचा. पावसाळ्यात नदी फुगली की त्याच थडीवर येऊन ऐसपैस पसरायची आणि दोन-चार दिवसांनी गाळ ठेवून परत जायची. थडीच्या मधोमध एक दगडी नंदी बसलेला होता. नदीचं पाणी त्याच्या दुमडलेल्या गुडघ्यापर्यंत यायचं, तिथवरच. गुडघे भिजले की आम्ही बायका ताटं घेऊन जायचो आणि नदीची ओटी भरायचो. खण, नारळ, हळदीकुंकू, आणि पैलतीरावरच्या कुंभारवाड्यातल्या लक्ष्माक्कानं घडवलेली पणती. नंदीचे गुडघे भिजले नाहीत तर ओटी नाही, आणि ओटी झाली नाही तर त्या वर्षी काही खरं नाही, असा सगळा हिशेब.

गाव वाढायला लागलं तशी गावसुधार कमिटी झाली आणि वकीलसाहेब तिचे अध्यक्ष. अध्यक्ष कसे झाले? सभेला सगळ्यात आधी पोचले आणि येणाऱ्याला बसा बसा म्हणत राहिले, म्हणून लोकांना वाटलं हेच अध्यक्ष. त्यांनी ठराव आणला की एवढी मोठी थडी वर्षभर रिकामी कशाला ठेवायची? टेकाडावरचा तांबडा मुरूम आणून भराव घालू, वर प्लॉट पाडू, मोटारस्टँड करू, दुकानं होतील. गाव खूश. अडलं फक्त नंदीपाशी. नंदीला मुरमात पुरायचं? कोण पाप घेणार? दोन सभा त्यावर भांडण झालं.

वकीलसाहेबांनीच तोड काढली. नंदीला पुरायचं नाही, वाजतगाजत उचलायचं आणि भरावाच्या वर, पहिल्या प्लॉटसमोर नेऊन बसवायचं. पहिला प्लॉट अर्थात त्यांचाच. मग ते उठले आणि छातीशी हात नेऊन म्हणाले, "आजवर नदी नंदीच्या गुडघ्याच्या वर आली आहे? बापजाद्यांनी तरी बघितलंय? नाही. मग माझं जोतं मी नंदीच्या शिंगाइतकं उंच घेतो. आता तर कसली काळजी?"

आणि खरं सांगते, टाळ्या पडल्या! तहसिलीतली शिकलेली माणसं होती, शेतकरी होते, आमचे हे होते. नंदीच वर न्यायचा म्हटल्यावर त्याच्या गुडघ्याचा काय उपयोग, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. नंदीचे गुडघे म्हणजे नंदीचे गुडघे, तो बसेल तिथं नदी वळण ठेवून वागेल, असंच सगळ्यांनी धरलं.

उन्हाळाभर बैलगाड्या मुरूम ओतत राहिल्या. वकीलसाहेबांचं घर उभं राहिलं. मागच्या दोन खोल्या टेकाडाच्या मूळ जमिनीवर, आणि पुढं भरावावर सबंध दिवाणखाना. काय दिवाणखाना होता हो! रंगीत काचांच्या खिडक्या, भिंतीलगत लोड-तक्के, खाली हैदराबादेहून आणलेला गालिचा. वास्तुशांतीला अख्खं गाव एकाच वेळी बसलं तरी जागा उरली. वकीलसाहेब दारात उभे राहून उरलेल्या जागेकडं असे बघत होते, जणू आता जगात बसायला सांगायचं कुणी राहिलंच नाही. मी अंबाक्काला विचारलं, "कसं वाटतंय नवं घर?" ती म्हणाली, "झाडायला लई हाय."

त्या साली श्रावणात पाऊस लागला. चार दिवस झड. नदी फुगल्याचा आवाज यायला लागला तशा आम्ही बायका ताटं घेऊन, डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊन नंदीपाशी जमलो. वकीलसाहेबांनी व्हरांड्यातून सगळ्यांना बसायला सांगितलं. आम्ही वाट बघतोय. नंदीचे गुडघे कोरडे. पाऊस असा की पैलतीर दिसत नव्हता. भरावाच्या कडेशी पाणी घुसळत होतं, पण वर काही येईना.

"औंदा नदी रुसली वाटतं," एक म्हणाली.

"रुसली न्हाई, पूरच न्हाई आला. कामून येईल? पाऊस तरी कुठं झालाय लई?" दुसरी म्हणाली. आणि ती म्हणताना आम्ही सगळ्या चिंब भिजलेल्या!

वकीलसाहेबांना तर आनंद मावेना. "बघा," ते म्हणाले, "जोत्याला शिवली नाही." तेवढ्यात पावसाची सर ओसरली आणि पैलतीरावरून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही बघितलं. कुंभारवाडा कमरेइतक्या पाण्यात उभा होता. माणसं छपरांवर, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलेलं, गाढवं पोहत तिकडच्या उंचवट्याकडं निघालेली. नदीला पसरायला हवी होती थडी. इकडं आम्ही मुरमाची भिंत घातली, म्हणून ती तिकडं गेली. आणि आम्ही ओट्यांची ताटं घेऊन कोरडे गुडघे बघत बसलो होतो. माझ्या हातातलं ताट त्या वेळी इतकं जड झालं, की मी ते तसंच नंदीपुढं ठेवून दिलं.

माणूस एकही दगावलं नाही, ही देवाची कृपा. पाणी उतरू लागल्यावर कुंभारवाडा पूल ओलांडून अलीकडं आला. वकीलसाहेब पुलाच्या तोंडाशी छत्री न उघडताच उभे होते. एकेकाला हात धरून घरी आणत होते. दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर सगळे थबकले. पाय चिखलानं भरलेले, समोर तो गालिचा.

"तशरीफ रखिए," वकीलसाहेब म्हणाले. कुणी हलेना. तेव्हा ते स्वतः बाहेर चिखलात उतरले, पाय भरवून घेतले आणि तसेच आत जाऊन गालिच्याच्या मधोमध उभे राहिले. "आता तरी बसा."

मग बसले सगळे. लक्ष्माक्का भिंतीला टेकून बसली. पोळ्यासाठी तिनं मातीचे बैल घडवून ठेवले होते, कच्चेच, भट्टीत जायचे राहिलेले. सगळ्याचा परत चिखल झाला होता. तिच्या मुठीत एका बैलाचं नुसतं शिंग राहिलं होतं, ते सुद्धा ओघळायला लागलेलं.

वकीलसाहेब शिव्यांची वाट बघत होते, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं. त्या काठीवाल्याचा राग जिरवला तसा ह्यांचाही जिरवावा म्हणून त्यांनी मनात काहीतरी जुळवून ठेवलं असणार. पण शिव्या द्यायला तर कुणी पाहिजे! लक्ष्माक्कानं मान वर केली आणि म्हणाली, "साब, तुमचं एवढं मोठं घर हाय म्हून आमाला टेकाया जागा गावली. देव तुमचं भलं करू."

वकीलसाहेबांचा हात छातीपर्यंत गेला आणि तिथंच अडकला.

अंबाक्का स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी होती. ती आवाज न चढवता, ताक हवं का विचारावं तसं म्हणाली, "गावातल्या शेळीला सुदिक बसा म्हन्ताव. ती नदी वर्षातनं एकदा यायची, दोन दिस बसायची अन् आपली जायची. तिला बसाया कुठं जागा ठिवलाव तुमी?"

त्या दिवसापासून वकीलसाहेब कुणाला बसा म्हणेनात. पाहुणे आपले आपण बसत. पोस्टमन तर घाबरून आमच्या घरी विचारायला आला, "साबची तब्येत बरी हाय न्हवं?" दिवाणखान्यात कुंभारवाडा पोळ्यापर्यंत राहिला. त्यांची घरं पुन्हा उभी राहिली, माणसं परत गेली. रिकाम्या दिवाणखान्यात वकीलसाहेब एकटेच खिडकीच्या रंगीत काचेतून नदी बघत बसायचे. मला त्यांची फार दया यायची. एवढं घर बांधलं, आणि त्यातच त्यांना करमेना.

मग एक दिवस कमिटीची सभा त्यांनीच बोलावली आणि ठराव मांडला, भराव काढून टाका. प्लॉट रद्द, मोटारस्टँड टेकाडावर न्या.

लोक उसळले. "वकीलसाब, मागल्या साली तर तुमीच उभं ऱ्हाऊन सांगितलाव!"

"मागल्या साली जे बोलले," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "ते विरुद्ध पक्षाचे वकील होते. त्यांनी सभेची दिशाभूल केली."

"अन् तुमचा दिवाणखाना?"

"तो पहिल्यांदा."

आयुष्यात इतके खटले हरलेला माणूस, पण हा जिंकला. स्वतःच्याच विरुद्ध होता म्हणून असेल, असं आमचे हे म्हणाले. दिवाणखाना पाडायचा दिवस आला तेव्हा गवंड्याचा हात चालेना. वकीलसाहेबांनी रंगीत काचा आधी स्वतः उतरवून घेतल्या, गालिचा गुंडाळला, आणि गवंड्याला म्हणाले, "हं. आता करा सुरुवात." पहिली भिंत खाली आली तेव्हा ते मागच्या खोलीत जाऊन बसले. अंबाक्का त्यांच्याजवळ जाऊन बसली. चुलीवर दूध उतू गेलं तरी ती उठली नाही. असं त्या बाईच्या हातून कधी झालं नव्हतं.

उन्हाळ्यात बैलगाड्या उलट्या चालू लागल्या. जो मुरूम टेकाडावरून खाली आला तोच पुन्हा वर. गावानं हसून घेतलं, मी कशाला खोटं बोलू, मीही हसले. नंदीला पुन्हा वाजतगाजत त्याच्या जुन्या दगडावर नेऊन बसवलं. वाजंत्रीवाले म्हणाले, आमचं काय, अजून एकदा वर न्यायचा असंल तरी सांगा. वकीलसाहेबांच्या घराला पुढं आता थडीकडं उतरणाऱ्या नुसत्या पायऱ्या राहिल्या. पाहुणे पुन्हा पायऱ्यांवर बसायला लागले. वरच्याचं खालच्याला ऐकू येत नव्हतं ते नव्हतंच. आणि एका सकाळी भिंतीपलीकडून नाही, पण त्यांच्या नव्या दारावरून जाताना रस्त्यावरूनच मला ऐकू आलं, "आइए, आइए, तशरीफ रखिए!" ताक विकणारी बाई होती. माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या पावसाळ्यात राज्याची वाटणी होणार, कोण मराठी मुलखात जाणार आणि कोण कानडी, ह्याच्याच गोष्टी सगळीकडं चालल्या होत्या. ह्यांची बदली उदगीरला झाली. त्याच आठवड्यात नदी आली. थडीवर पसरली, नंदीचे गुडघे भिजले. आम्ही ओटी भरली. पैलतीरावर लक्ष्माक्काच्या अंगणात मातीचे बैल रांगेनं वाळत होते, सगळे कोरडे. वकीलसाहेब पायऱ्यांवर उभे होते. वास्तुशांतीला घातलेली शेरवानी अंगात होती. पाणी शेवटच्या पायरीला लागलं तेव्हा त्यांनी छातीशी हात नेला. काही बोलले का, ते बायकांच्या गलक्यात मला कळलं नाही.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. सामान मोटारीच्या टपावर चढवलं. अंबाक्कानं माझी ओटी भरली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "तिकडं गेल्यावर जास्त बोलत जाऊ नको." सगळं गाव पोचवायला आलं, पण वकीलसाहेबांचा पत्ता नाही! मला असा राग आला म्हणून सांगू! कासारणीला कोपऱ्यापर्यंत सोडायला जाणारा माणूस, भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं काढलेल्या शेजाऱ्याला पोचवायला येत नाही? मी ह्यांना म्हटलं, "बघितलं ना तुमच्या वकीलसाहेबांचं?" मोटार सुटली.

टेकाडाच्या वळणावर मोटार हळू झाली आणि खाली सगळी थडी दिसली. पाणी ओसरत होतं. नंदी मोकळा झाला होता. ओल्या गाळात ताज्या पावलांची एक ओळ नंदीपासून थेट नदीकडं गेली होती, आणि त्या ओळीच्या टोकाला वकीलसाहेब. अनवाणी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वर शेरवानी, बगलेत छत्री. पाणी मागं सरकायचं, ते तेवढं पाऊल पुढं टाकायचे, थांबायचे, काहीतरी बोलायचे, पुन्हा पाऊल टाकायचे. पार काठापर्यंत गेले. तिथं थांबून त्यांनी छातीशी हात नेला.

इतक्या लांबून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी मी खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांच्याबरोबर म्हटलं, "या परत. घर आपलंच आहे." शेजारच्या सीटवरच्या बाईंना वाटलं मी त्यांनाच म्हणायलेय. त्या म्हणाल्या, "येऊ की, कुठं राहता?"